तरुण वयात रक्ताची उलटी: रक्त थांबलं, पण उगम सापडला का?

‘मुलगा चोवीस वर्षांचा, दारूला शिवत नाही, कधी आजारी पडला नाही. मग रक्ताची उलटी कशी झाली?’ ‘एंडोस्कोपी नॉर्मल आली, तरी शौचाला काळंच होतंय. आता कुणाकडे जायचं?’ ‘दोन दिवसांत घरी सोडलं, कार्डावर फक्त “जठराला सूज” लिहिलंय. एवढं पुरेसं आहे का?’ वाचकांकडून हे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतात. विचारणारे बहुतेक आईवडील, बहीणभाऊ किंवा जोडीदार असतात आणि त्यांच्या मनात भीतीइतकाच गोंधळही असतो.

तरुणांमध्येही बहुतेक वेळा कारण नेहमीचंच निघतं आणि नीट उपचारांनी ते बरं होतं. पण काही जणांच्या बाबतीत ते दुर्मिळ असतं, पहिल्या तपासणीत निसटतं, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रक्तस्राव पुन्हा होतो. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: रक्त थांबलं म्हणजे अर्धं काम झालं. ते नेमकं कुठून आलं, याचं उत्तर कागदावर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आधी ओळखा: हे पोटातलं रक्त आहे का?

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग इथून होणारा रक्तस्राव मुख्यतः तीन रूपांत दिसतो.

- लाल रक्ताची उलटी. रक्तस्राव ताजा आणि बऱ्याचदा जोराचा असतो.
- कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. रक्त जठरातल्या आम्लात काही वेळ राहिलेलं असतं.
- डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. त्यासाठी ५० ते १०० मिलिलिटर रक्तही पुरतं. उलटी झाली नाही म्हणून रक्तस्राव नाही, असं समजू नका.

काही गोष्टींमुळे फसगत होते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट-हिरवी होते, पण सहसा ती चिकट नसते आणि तिला तो उग्र वास येत नाही. बीट खाल्ल्यावर लाल रंग दिसू शकतो. नाकाचा घोळणा फुटून गिळलेलं रक्त नंतर उलटीतून येऊ शकतं. खोकल्याबरोबर आलेलं फेसाळ, लालभडक रक्त छातीतलं असू शकतं. तिथे क्षयरोगाची तपासणी आधी लागते. शंका असेल तर फोनवर फोटो काढून ठेवा. वर्णनापेक्षा फोटोवरून डॉक्टरांना लवकर अंदाज येतो.

पहिल्या तासात काय कराल

1. रुग्णाला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
2. तोंडाने काहीही देऊ नका. पाणी, थंड दूध, कोकम सरबत, सोडा, पित्ताची गोळी, काहीच नको.
3. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका.
4. गेल्या दोन आठवड्यांत घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत घ्या. डोकेदुखीची, पाळीच्या दुखण्याची, व्यायामशाळेत कुणी दिलेली पावडर किंवा गोळी, वैद्यांकडची पुडी, सगळं दाखवा.
5. फोन करून विचारा: ‘तिथे रात्रीही एंडोस्कोपी होते का? रक्तपेढी जवळ आहे का?’ पण रुग्ण ग्लानीत असेल किंवा रक्त वाहतच असेल, तर लांबचं मोठं रुग्णालय शोधत बसू नका. जवळच्या ठिकाणी सलाइन आणि प्राथमिक उपचार सुरू करून मगच पुढे हलवा.

तरुण शरीर रक्त गेल्याचं बराच वेळ लपवतं. हृदय वेगाने धडधडत राहून रक्तदाब टिकवून धरतं आणि मग तो एकदम कोसळतो. हिमोग्लोबिनही पहिल्या काही तासांत जवळजवळ पूर्वीइतकंच दिसू शकतं. म्हणून ‘बीपी ठीक आहे, हिमोग्लोबिन तेरा आहे’ एवढ्यावर घरी परत येऊ नका. उभं राहिल्यावर भोवळ, थंड घाम, मिनिटाला १०० च्या वर नाडी, लघवी कमी होणं, अस्वस्थता किंवा गुंगी यांतली एक खूण जरी दिसली, तरी ती तातडीची समजा.

रुग्णालयात काय होतं

क्रम साधारण असा असतो: दोन्ही हातांना सलाइनच्या सुया, रक्तगट आणि जुळणी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, आम्ल कमी करणारं इंजेक्शन. रुग्णाची प्रकृती स्थिर झाल्यावर साधारण २४ तासांच्या आत एंडोस्कोपी करतात. अन्ननलिकेतल्या किंवा जठरातल्या फुगलेल्या शिरांची शंका असेल तर ती १२ तासांच्या आत करण्याचा प्रयत्न असतो. शिवाय शिरांमधला दाब कमी करणारं औषध आणि प्रतिजैविक आधीच सुरू होतं.

इथे नातेवाइकांचा एक आग्रह रुग्णाला महागात पडू शकतो: ‘अजून दोन बाटल्या रक्त चढवा.’ प्रकृती स्थिर असलेल्या तरुण रुग्णाचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच सहसा रक्त देतात. फुगलेल्या शिरांच्या रुग्णाला गरजेपेक्षा जास्त रक्त दिलं, तर दाब वाढून शीर पुन्हा फुटू शकते. जोराचा रक्तस्राव चालू असेल किंवा हृदयविकार असेल, तर हिशेब बदलतो. तो निर्णय डॉक्टरांवर सोडा.

नेहमीची कारणं आधी बघतात, ते योग्यच आहे

- जठरातला किंवा आतड्याच्या सुरुवातीचा व्रण. मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या सगळ्या यात येतात.
- जोराच्या उलट्यांनी अन्ननलिकेच्या टोकाला पडलेली चीर. आधी साध्या उलट्या आणि नंतर रक्त, असा क्रम असतो. बहुतेक चिरा आपोआप भरतात.
- दारूमुळे किंवा तीव्र आजारपणात जठराच्या अस्तराला आलेली सूज.
- यकृताच्या जुनाट आजारामुळे फुगलेल्या शिरा.

यांपैकी एखादं कारण एंडोस्कोपीत स्पष्ट दिसलं आणि ते रुग्णाच्या हकिकतीशी जुळलं, तर दुर्मिळ आजारांच्या मागे धावून खर्च वाढवू नका. पुढचा भाग आहे तो कारण न सापडलेल्यांसाठी, किंवा सापडलेलं कारण न पटण्याजोगं असलेल्यांसाठी.

दुर्मिळ कारणं: कोणत्या खुणेवरून कशाची शंका घ्यायची

१. यकृत चांगलं, पण प्लीहा वाढलेली आणि प्लेटलेट कमी. पोटातलं रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर, म्हणजे पोर्टल व्हेन, लहानपणीच गुठळीने बंद झालेली असू शकते. मुख्य रस्ता बंद झाला की गाड्या गल्लीबोळांत शिरतात, तसं रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारीक शिरांमधून वाट काढतं आणि त्या फुगतात. भारतात लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या मोठ्या उलटीमागे हे एक प्रमुख कारण आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत ते दुर्मिळ ठरतं, आपल्याकडे नाही. खेळतं-बागडतं मूल तापानंतर अचानक वाटीभर रक्त ओकतं, अशी हकिकत ऐकायला मिळते. तान्हेपणी बेंबीला झालेला जंतुसंसर्ग हे एक ज्ञात कारण आहे, पण कित्येकदा कारण सापडतच नाही. पोटाच्या डॉप्लर सोनोग्राफीत निदान होऊ शकतं. फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने त्या पूर्ण मिटेपर्यंत. काहींना शस्त्रक्रियेने रक्ताला दुसरी वाट करून देतात. यकृत चांगलं असल्याने अशी मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. पाठपुरावा मात्र सोडता येत नाही. प्लीहा वाढलेली असेपर्यंत कबड्डी, कुस्तीसारखे धडकेचे खेळ टाळा.

२. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली. यातून दोन वेगळे धोके उभे राहतात. प्लीहेकडून येणारी शीर गुठळीने बंद झाली, तर फक्त जठराच्या वरच्या भागातल्या शिरा फुगतात. अशा रुग्णाच्या शिरांसाठी प्लीहा काढणं हा कायमचा उपाय ठरू शकतो. दुसऱ्या प्रकारात स्वादुपिंडाजवळच्या धमनीला फुगा येतो आणि रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून आतड्यात उतरतं. पोटात कळ येते, मग काळी शौच होते, मग कळ ओसरते. हे मधूनमधून होत राहतं आणि एंडोस्कोपी नॉर्मल येते. इथे धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन लागतो. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून तो फुगा आतूनच बंद करता येतो.

३. अपघातात यकृताला मार, यकृताचा तुकडा काढून केलेली तपासणी किंवा पित्तनलिकेवरची प्रक्रिया. त्यानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पित्तनलिकेतून रक्त येऊ शकतं. उजव्या बरगडीखाली कळ, कावीळ आणि रक्तस्राव ही त्याची तीन लक्षणं, पण तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही. ‘महिन्यापूर्वी गाडीवरून पडला होता’ ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

४. अचानक, वेदनेशिवाय, भरपूर रक्त. एंडोस्कोपीत व्रण नाही. जठराच्या अस्तराला अगदी लागून एखादी नेहमीपेक्षा जाड धमनी असते आणि ती टोचल्याएवढ्या छिद्रातून फुटते. जॉर्जेस ड्यूलाफॉय या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बहुधा ती अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्याच्या जवळपास असते. रक्त वाहत नसताना ती दिसतच नाही, म्हणून एंडोस्कोपी पुन्हा करावी लागू शकते. सापडली की क्लिप किंवा बँड लावून बंद करता येते.

५. लहानपणापासून नाकातून रक्त, ओठांवर-जिभेवर लाल ठिपके, आईला किंवा वडिलांनाही तेच. हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असू शकतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

६. पाळीत अतिरक्तस्राव, दात काढल्यावर रक्त न थांबणं, सहज काळेनिळे डाग. रक्त गोठण्यातला जन्मजात दोष तपासा. फॉन विलेब्रँड आजारात प्लेटलेटची संख्या आणि नेहमीच्या तपासण्या नॉर्मल येऊ शकतात. त्याची वेगळी चाचणी सांगावी लागते आणि त्यासाठी रक्तविकारतज्ज्ञांची भेट घ्या.

७. चाळिशीच्या आत यकृताचा सिऱ्होसिस, दारू नाही, हेपॅटायटिस बी-सी नाही. विल्सन आजारात शरीरात तांबं साठत जातं. रक्त-लघवीच्या तपासण्या आणि डोळ्यांची यंत्राखाली तपासणी यांवरून तो कळू शकतो. त्यावर औषध आहे आणि ते जन्मभर घ्यायचं असतं. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करायलाच हवी, ती ठणठणीत दिसत असली तरी.

८. वजन घटणं, लवकर पोट भरणं किंवा अस्तराखाली दिसणारा उंचवटा. जठरातल्या गाठी तरुणांतही आढळतात. अस्तराखालच्या गाठीचा वरवरचा तुकडा तपासला तर अहवाल निर्दोष येऊ शकतो. तेव्हा एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते.

९. पावसाळ्यातला ताप. डेंग्यूत काळी शौच किंवा रक्ताची उलटी ही धोक्याची खूण आहे. अशा तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका.

१०. लहान मुलाने रिमोटची किंवा खेळण्यातली चपटी बॅटरी गिळली. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत गंभीर भाजणं घडवू शकते आणि काढल्यानंतरही काही दिवसांनी रक्त येऊ शकतं. संशय आला तरी लगेच एक्स-रे काढा. ‘शौचातून पडेल’ म्हणून वाट पाहू नका.

एंडोस्कोपी नॉर्मल आली तर

नॉर्मल अहवालाचा अर्थ ‘त्या वेळी, पोहोचता आलं तिथवर, काही दिसलं नाही’ एवढाच असतो. पुढचे पर्याय तज्ज्ञांना असे विचारा:

- तपासणीच्या वेळी जठरात रक्त साचून काही भाग झाकला गेला होता का? तसं असेल तर पुन्हा एंडोस्कोपी करायची का?
- रक्त वाहत असताना धमन्यांचा सीटी स्कॅन करता येईल का? रक्तस्राव चालू असताना त्याचा उपयोग सर्वाधिक असतो.
- पित्तनलिका जिथे आतड्यात उघडते, ती जागा बाजूने पाहणाऱ्या दुर्बिणीतून बघितली का?
- पोटाची डॉप्लर सोनोग्राफी झाली का? प्लीहेचा आकार किती आहे?
- लहान आतड्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपी लागेल का? आतडं कुठे अरुंद झाल्याची शंका असेल, तर कॅप्सूल अडकू शकते. हे आधी सांगा.

दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. जाताना एंडोस्कोपीची छायाचित्रं आणि सीटीची सीडी न्या, नुसता अहवाल नको.

इथे चुका होतात

- उगम न शोधता महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या घेणं. लक्षणं दबतात, आजार आत वाढत राहतो.
- हेलिकोबॅक्टर जंतूची चाचणी चुकीच्या वेळी करणं. पित्ताच्या गोळ्या किमान दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद नसतील, तर चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते. रक्तस्राव चालू असतानाही असं होतं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा. उपचारानंतर जंतू गेल्याची खात्रीही चाचणीनेच करा.
- काळ्या शौचाला घाबरणं, किंवा दुर्लक्ष करणं. रक्त थांबल्यावरही तीन-चार दिवस शौच काळी राहू शकते. रंग हळूहळू निवळायला हवा. पुन्हा गडद झाला किंवा भोवळ आली, तर लगेच रुग्णालय गाठा.
- बँडिंगच्या पुढच्या तारखा चुकवणं. एकदा बँड लावून काम संपत नाही. उरलेल्या शिरा फुटू शकतात.
- मुलीची हकिकत अर्धवट सांगणं. लग्नाच्या काळजीने पाळीतला रक्तस्राव किंवा जुना आजार लपवला, तर निदानाची वाटच बंद होते.
- दारू किंवा गोळ्यांबद्दल घरच्यांसमोर खोटं सांगणं. रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

तुमचे हक्क आणि खर्चाची वाट

- तातडीचे उपचार. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी.
- कागदपत्रं. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी मिळायला हव्यात. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.
- दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी ती दर्शनी भागात लावायची आहे.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. दाखल होतानाच त्याला भेटा. शिधापत्रिका आणि ओळखपत्र सोबत ठेवा. तुमची प्रक्रिया योजनेत बसते का, हे १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येतं.
- धर्मादाय रुग्णालयं. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. अडवणूक झाली तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करा.
- सरकारी पर्याय. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय. जिल्हा रुग्णालयातून पाठवणी होत असेल, तर दिलेली औषधं, चढवलेलं रक्त आणि अहवाल लिहिलेलं पत्र घेतल्याशिवाय निघू नका.
- संमती. १८ वर्षांवरच्या रुग्णाला प्रक्रिया, तिचे धोके आणि पर्याय स्वतःच्या भाषेत समजून घेण्याचा हक्क आहे. शुद्धीवर असेल तर सही त्याचीच.

घरी सोडताना हे प्रश्न विचारा

1. रक्त नेमकं कुठून आलं? खात्री आहे की अंदाज?
2. उगम सापडला नसेल, तर पुढची तपासणी कोणती आणि किती दिवसांत?
3. पुन्हा रक्त येण्याची शक्यता किती? आलं तर आधी कुठे जायचं?
4. कोणती औषधं कायमची टाळायची? ताप किंवा दुखणं आल्यावर काय चालेल?
5. भावंडांची किंवा मुलांची तपासणी हवी का?
6. हिमोग्लोबिन पुन्हा कधी तपासायचं? लोहाच्या गोळ्या किती महिने घ्यायच्या?

उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तरी तेही लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना त्या दोन शब्दांवरूनच शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. कार्डाचा, एंडोस्कोपीच्या छायाचित्रांचा आणि रक्तगटाचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा. पुढची तारीख घेतल्याशिवाय रुग्णालयाबाहेर पडू नका, आणि मुलगा ठणठणीत दिसू लागला तरी ती तारीख चुकवू नका.